लोणारच्या काठावरून रीसच्या काठावर

बुलढाणा जिल्ह्यातून परदेशी निघणाऱ्याचा पहिला पल्ला मुंबईचा असतो, आणि तो लहान नाही. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला गाडी पकडायची, तर मलकापूरपासून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर पडते. मेहकर, सिंदखेड राजाकडच्या लोकांना आता समृद्धी महामार्ग सोयीचा झाला आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यावर त्याची पूर्ण ७०१ किलोमीटर लांबी वापरात आली. तरी युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. सकाळी घर सोडलेला माणूस विमानात बसतो तेव्हाच दिवसभराच्या प्रवासाने शिणलेला असतो. मुंबईत आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र नीट झोपणं हा खर्च वाया जात नाही. साठीपुढच्या आईवडिलांना मुलांकडे पाठवताना तर तो करावाच.

मुंबई ते म्युनिक साधारण नऊ तास लागतात. विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. म्हणून घसा सुकतो, पाय सुजतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पिंडऱ्यांच्या शिरांत रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढतो. दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. आधी कधी गाठ झालेली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावं. रोजच्या गोळ्या मात्र हातातल्या पिशवीतच हव्यात. सामानात टाकलेली औषधं प्रवासभर हाताला लागत नाहीत.

विमान पहाटे उतरतं. उन्हाळ्यात जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथे सहा वाजले असताना शरीराच्या लेखी साडेनऊ झालेले असतात. त्या दिवशी उन्हात फिरावं, संध्याकाळी लवकर जेवावं आणि तिथली रात्र होईपर्यंत झोप लांबवावी. पश्चिमेकडे जाताना शरीर लवकर रुळतं, परतीला जास्त दिवस लागतात.

बहुतेक लोक इथून पुढे बसच्या सहलीत जातात आणि आठ दिवसांत पाच देश पाहतात. गावाकडच्या वाटांवर चालण्याची सुट्टी त्याहून कितीतरी पटीने समृद्ध असते, आणि बुलढाण्याच्या माणसाला तर चालणं शिकवावं लागत नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर चालत पंढरपूर गाठते. त्या वाटेवर चाललेल्या माणसाला दिवसाला पंधरा किलोमीटर अवघड वाटणार नाहीत.

या जिल्ह्याच्या माणसाने जावं असं एक गाव बव्हेरियात आहे : नॉर्डलिंगन. म्युनिकहून रेल्वेने डोनाउवर्थला गाडी बदलून तिथे जाता येतं. हे गाव उल्कापाताने झालेल्या विवरात वसलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं विवरही तसंच झालेलं, पण सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं आहे. रीस नावाचं हे विवर २४-२५ किलोमीटर रुंद आणि सुमारे दीड कोटी वर्षं जुनं. लोणारच्या काठावर उभं राहिलं की अख्खी वाटी नजरेत मावते. रीसमध्ये मात्र आत उभं राहूनही विवर कळत नाही. गहू-मक्याची सपाट शेतं आणि क्षितिजावर टेकड्यांची कड तेवढी दिसते. ती कड चालत गाठली म्हणजे त्याचा आवाका कळतो. १९६० साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी इथल्या दगडात प्रचंड दाबाखाली तयार होणारं कोएसाइट हे खनिज दाखवलं आणि ज्वालामुखीचा जुना समज संपला. लोणारचं उल्केशी असलेलं नातं १९७०च्या दशकातल्या अभ्यासांनी पक्कं झालं. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखण्याचा सराव करायला रीसमध्ये आले होते.

गावातलं सेंट जॉर्ज चर्च याच आघातातून बनलेल्या दगडाचं आहे. जवळ जाऊन पाहिलं तर करड्या दगडात काळसर काचेचे तुकडे रुतलेले दिसतात. ते तुकडे म्हणजे आघाताच्या उष्णतेने वितळून थिजलेला खडक आहे. चर्चचा मनोरा ९० मीटर उंच. गावाभोवतीचा जुना तट अखंड आहे आणि त्यावरून पूर्ण फेरी मारता येते.

बव्हेरियाच्या राज्यघटनेतलं १४१वं कलम प्रत्येकाला रानावनात मुक्त फिरण्याचा हक्क देतं. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, पायवाटेनेच जायचं, एवढी मर्यादा. वाटांवर पाट्या आणि खुणा असतात. तरी काही गोष्टी सांभाळाव्यात. रविवारी दुकानं बंद असतात, खेड्यांकडच्या बस कमी असतात. खाणं शनिवारीच घ्यावं. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो, म्हणून पूर्ण पँट, लांब मोजे घालावेत, संध्याकाळी अंग तपासावं आणि लसीबद्दल आधीच विचारावं. अडचणीत ११२ फिरवावा.

जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा लवकर करावा. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे.

२०२० साली लोणार सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, रीस २०२२ साली युनेस्कोच्या जिओपार्कांत गेलं. रीसमध्ये आघाताचा दगड उलगडून सांगणारं संग्रहालय आहे, खुणा केलेल्या वाटा आहेत. लोणारच्या काठालाही तशाच नीट आखलेल्या, माहितीच्या पाट्या असलेल्या वाटा मिळायला हव्यात. परदेशी जायच्या आधी प्रत्येकाने लोणारच्या काठावरून एक फेरी पायी मारावी.