नामांची गर्दी, क्रियापदांचा दुष्काळ

'द पावडर टॉय' हा संगणकावरील मुक्तस्रोत खेळ. पडद्यावर वाळू, पाणी, लाव्हा, बारूद असे पदार्थ कणाकणाने सोडायचे आणि उष्णता, दाब, गुरुत्व यांच्या नियमांनी पुढे काय घडते ते पाहायचे. अशा खेळांच्या चाहत्यांच्या सूचना बहुधा एकाच साच्याच्या असतात: आणखी एक धातू द्या, आणखी एक आम्ल द्या, आधीच्यापेक्षा जबर स्फोटक द्या. ही मागणी मुळातच चुकीची आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तरी हे पटायला हरकत नसावी.

यास्काच्या निरुक्तात एक जुना वाद नोंदलेला आहे. शाकटायन आणि नैरुक्त म्हणतात, नामे आख्यातांपासून उपजतात. गार्ग्याला ते सरसकट मान्य नाही. भाषेपुरता निकाल काहीही लागो, या खेळात शाकटायनाचाच पक्ष खरा आहे. येथे पदार्थ म्हणजे त्याची क्रिया. ज्याच्या असण्याने शेजाऱ्याच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही, तो पदार्थ नव्हे, रंगीत ठिपका होय.

याच खेळात चिकणमातीत पाणी मिसळले की लगदा होतो. लगदा तापवला की वीट. एवढ्या साध्या सामग्रीत अख्खी वीटभट्टी उभी राहते. जॉन कॉनवे यांच्या १९७० सालच्या 'गेम ऑफ लाइफ'मध्ये तर जिवंत आणि मृत या दोनच अवस्था आहेत. नियम मूठभर, तरी त्यातल्या आकृत्यांचा शोध अजून संपलेला नाही.

नव्या पदार्थांमुळे नवे खेळाडू येतात, असा युक्तिवाद होईल. येतात, आणि दोन स्फोट करून निघूनही जातात. दहा पदार्थांच्या जोड्या ४५ होतात, शंभरांच्या ४,९५०. प्रत्येक नवागताचे जुन्या प्रत्येकाशी नाते कोणी जुळवायचे? ते जुळवले नाही, तर यादी फुगते आणि जग मात्र तेवढेच राहते.

मागायचेच असेल तर गुण मागावेत. वाळूला ओलावा द्या: ओली असताना ती उभी राहील, सुकता सुकता ढासळेल. द्रावणाला संपृक्तता द्या: मर्यादा ओलांडली की मीठ तळाशी बसेल. धातूला थकवा द्या: वारंवार तापून निवाल्यावर त्याला तडे जातील. असा एकेक गुण अनेक जुन्या पदार्थांना नव्याने बोलते करील.

या खेळातल्या ठिणग्या आणि तारा जोडून खेळाडूंनी चालते संगणक रचले आहेत. यादीत 'संगणक' नावाचा पदार्थ कोणी घातला होता, म्हणून ते घडलेले नाही.