एक गडवा पाणी आणि एक ब्लेड

मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी मैत्री, आई, पहिला पाऊस आणि 'मोबाईल : शाप की वरदान' हे चार विषय येतातच. संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी यंदा दाढीवर लिहितोय. हसू नका, विषय वाटतो तेवढा हलका नाही.

आधी आपल्या हॉस्टेलचं चित्र बघा. विंगमधल्या अर्ध्या पोरांनी दाढी राखली आहे, त्यांचे ट्रिमर चार्जिंगला लागलेले असतात आणि लाईट गेली की शेप अर्धवट राहतो. उरलेले अर्धे दाढी करतात ती व्हायवाच्या किंवा प्लेसमेंटच्या सकाळी. नळ सोडून द्यायचा, डब्यातला फेस थोबाडावर फासायचा, गेल्या सेमिस्टरला घेतलेला तीन पात्यांचा रेझर चार ठिकाणी ओढायचा, लाल मान घेऊन बसकडे पळायचं. थोडक्यात दाढी म्हणजे शिक्षा! माझं म्हणणं असं की दाढी करण्यात मजा आहे. ब्रश, साबण आणि एका ब्लेडचा साधा रेझर एवढ्यावर ती मजा परत मिळते. आणि हे मी 'जुनं ते सोनं' या चालीवर म्हणत नाहीये. का नाही, ते पुढे येईलच.

मी शिकलो ते वलगावला, आबांकडून. वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला, पेढी नदीच्या काठचं गाव. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला ते इथेच, म्हणून बाहेरच्यांना नाव माहीत असतं. (गाडगेबाबा स्वतः दाढीवाले, तेव्हा माझ्या मताला त्यांचा पाठिंबा मिळेल असं नाही!) आबा माझे आजोबा, झेडपीचे रिटायर्ड मास्तर. त्यांचं दाढीचं सामान एका पत्र्याच्या डब्यात असतं. पितळी रेझर, त्याचं वरचं निकेल कधीच उडालेलं, एक ब्रश, वाटीत साबणाची वडी, तुरटीचा खडा आणि हातात मावेल एवढा आरसा. अंगणात पाटावर बसायचं आणि शेजारी एक गडवा कोमट पाणी. माझी शाळा कॉन्व्हेंट, तिथे मराठी बोललं की दंड होता, त्यामुळे 'गडवा' हा शब्दसुद्धा मला आबांनीच दिला.

आता पद्धत. आधी चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं नीट भिजवायचा. केस पाणी शोषून घेतो, फुगतो, मऊ होतो, आणि कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. मग ओला ब्रश साबणावर फिरवून फेस गालावर गोल-गोल घोळवायचा. ब्रशमुळे आडवे पडलेले केस उभे होतात. डब्यातला फेस हे काम करत नाही, तो फक्त केकवरच्या क्रीमसारखा बसून राहतो. रेझर गालाशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरायचा, पहिला हात केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, आणि दाब अजिबात नाही. इथेच सगळे अडकतात. प्लास्टिकच्या हलक्या रेझरने आपल्याला दाबायची सवय लागलेली असते. मी रेझर दाबून धरला तसे आबा ओरडले, "अबे, धुऱ्यावरचं गवत कापून रायला का? त्याच्या वजनानं त्याले चालू दे ना!"

एकदा कोन जमला की बारीक खर्र-खर्र आवाज येतो. हनुवटीवर तो बदलतो, कारण तिथे केस जाड असतात. कान लावून दाढी करता येते हे मला वीस वर्षं माहीतच नव्हतं. शेवटी गार पाणी, ओल्या गालावर तुरटी. तुरटी झोंबली की समजायचं, तिथे हात जड पडला. रोज सकाळी कुठल्याही सरांशिवाय मिळणारं हे इंटर्नल असेसमेंट!

मेकॅनिकलवाल्यांना यात आणखी एक गंमत सापडेल. ब्लेड असतं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं, स्टेनलेस स्टीलचं, आणि केस त्या स्टीलपेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी चार-पाच दाढ्यांत ब्लेड जातं. का? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ब्लेडने केस कापून पाहिले. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात असं त्यांना दिसलं. स्टीलच्या आतली रचना सगळीकडे सारखी नसते. धारेला आधीच बारीक चीर असेल आणि केस वाकून त्या नाजूक जागी टेकला, की टवका निघतो. 'सायन्स' या नियतकालिकात तो पेपर आला. मटेरियल सायन्सच्या पेपरला मायक्रोस्ट्रक्चरची आकृती पाठ करून काढणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) एकदा गालाला हात लावून तो विषय आठवावा.

जास्त पाती म्हणजे जास्त चांगली दाढी, हाही जाहिरातीचाच फंडा. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस थोडा ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. सरळ केसवाल्याला गुळगुळीत वाटतं. कुरळ्या, राठ केसवाल्याचा तोच केस वाढताना आतल्या आत वळतो आणि मानेवर पुटकुळ्या येतात. पैशांचा हिशोब तर पहिल्या सेमचा पोरगाही करेल. साधं ब्लेड दोन-चार रुपयांना मिळतं आणि बऱ्या कंपनीच्या पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजला शंभराची नोट पुरत नाही.

पाण्याचं मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण ती गोष्ट डिझाइनच्या तासाला सांगायला हवी अशी आहे. जिलेट कंपनीने भारतासाठी एक रेझर तयार केला आणि तपासायला दिला तो एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना. पोरं खूश! भारतात आणला तर तक्रारी सुरू, केस पात्यांत अडकतात म्हणून. कारण साधंच होतं. तिथल्या पोरांना वाहता नळ होता आणि इथला माणूस जमिनीवर बसून एका पेल्यातल्या पाण्यात दाढी करत होता. मग कंपनीची माणसं इथे येऊन घराघरांत बसली, दाढी कशी करतात ते बघितलं, आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, पटकन धुतला जाणारा स्वस्त रेझर बाजारात आला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला जे कळायला वेळ लागला ते वलगावच्या अंगणातल्या गडव्यात आधीपासून होतं. आपल्या हॉस्टेलला एप्रिल-मेमध्ये टँकर येतो आणि तेव्हाही आपण दाढीसाठी नळ सोडून उभे असतो, हे जाता जाता.

आता 'जुनं ते सोनं' का नाही ते.

या साध्या रेझरला लोक 'पारंपरिक दाढी' म्हणतात. मीही आबांना तेच म्हणालो. ते हसले. म्हणाले, "परंपरा? परंपरेत आमची दाढी कोन करे?"

खरंच विचार करा. आपल्याकडची परंपरा स्वतः दाढी करण्याची नव्हतीच. दाढी करायचा तो गावचा न्हावी, आमच्या वऱ्हाडात म्हाली. धोकटी घेऊन घरोघरी जायचा, वस्तरा दगडावर आणि कातडी पट्ट्यावर लावायचा, आणि वर्षाकाठी खळ्यावर त्याला बलुतं मिळायचं. कोणाची दाढी करायची आणि कोणाची नाही हे गाव ठरवायचं. आबांचं मूळ गाव वेगळं, नाव लिहीत नाही. तिथे आमच्या वस्तीत म्हाली येत नसे. वस्तीतलाच एक म्हातारा सगळ्यांची डोकी-दाढी करायचा, बोथट वस्तऱ्याने, आणि लहानपणी आबा त्याला बघून लपून बसत. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, पण वस्तरा काही वस्तीत आला नाही. पुढे मास्तरकी लागली तेव्हा आबांनी पहिल्या पगारात अमरावतीहून दोन वस्तू आणल्या, एक हातघड्याळ आणि हा रेझर. घड्याळ केव्हाच बंद पडलं.

हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही दाढीच्या निमित्ताने. कॉन्व्हेंटमध्ये बाबासाहेबांवर इंग्लिशमध्ये स्पीच दिलं होतं, सेकंड प्राइझसुद्धा मिळालं होतं. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं नव्हतं. त्यात बाबासाहेबांनी सातारच्या लहानपणाबद्दल लिहिलंय. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते, तरी केस कापायचं काम मोठी बहीण करायची, कारण एकही न्हावी तयार नव्हता. बहीण त्या कामात तरबेज झाली होती. हे वाचल्यावर आबांच्या डब्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

किंग जिलेटला पेटंट मिळालं १९०४ साली. त्याच्या डोक्यात धंदा होता, समाजसुधारणा नव्हे. सुरुवातीला रेझर पाच डॉलरचा होता, म्हणजे तिथल्या कामगारालाही महागच. पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपत आली तसे दर उतरले. पण जिथे दाढीसाठी दुसऱ्याच्या मर्जीची गरज होती तिथे हे यंत्र पोचलं आणि ती गरज संपली. साबण, ब्लेड, आरसा, एक गडवा पाणी. कोणाला विचारायचं नाही. म्हणून मला हा रेझर जुन्या जमान्याची आठवण वाटत नाही. त्याने जुना जमाना मोडला.

यात सगळा दोष न्हाव्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. तोही बलुतेदार, गावाच्या विरुद्ध गेला तर त्याचं बलुतं बंद. आणि याच लोकांनी एक फार मोठं 'नाही' म्हटलेलं आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. कमाईवर पाणी सोडून. हेच लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी झगडले आणि ती सुट्टी मिळाली तीही १८९० मध्येच. ज्या रविवारी आपण अकरापर्यंत लोळतो, तो असा मिळालाय! वस्तरा एकच, कोणाला नकार दिला यावर सगळं अवलंबून.

सध्या आबांचा हात थरथरतो. रेझर धरवत नाही. वलगावात स्टँडजवळ ज्यांचं सलून आहे ते काका स्वतः घरी यायला तयार आहेत. आबांशी त्यांची राजकारणावर रोज हुज्जत चालते, दोघं एकाच पेल्यातला चहा अर्धा-अर्धा पितात. पण दाढीसाठी आबा त्यांना बोलावत नाहीत. आधी मला तो हट्ट वाटायचा, आता वाटत नाही. रविवारी मी जातो, त्यांच्याच रेझरने त्यांची दाढी करतो. दुसऱ्याच्या गालाला रेझर लावणं फार वेगळं असतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, एका हाताने ताणून धरावी लागते, आणि ते डोळे मिटून बसलेले असतात. डोळे मिटून! माझ्या हातावर आजवर कोणीच एवढा भरवसा ठेवलेला नाही, वर्कशॉपच्या सरांनी तर नाहीच.

घरी आजोबा असतील तर त्यांचा डबा शोधा. नसतील तर नवा साधा रेझर घ्या, मेसच्या महिनाभराच्या एक्स्ट्रापेक्षा स्वस्त पडेल. दाढी राखणाऱ्यांनीही घ्यायला हरकत नाही, गळ्याखालची रेघ ट्रिमरपेक्षा छान निघते. ब्लेड मात्र ज्याचं त्याचं. रूममेटचं ब्लेड वापरणं म्हणजे दोस्ती नव्हे. हिपॅटायटिस बी असाही पसरतो.

आणि वापरलेलं ब्लेड. हे स्टाफनेही वाचावं अशी विनंती. आपल्या मजल्यावर सकाळी कचरा काढायला मावशी येतात त्यांना हातमोजे मिळत नाहीत, आणि बाथरूमच्या डस्टबिनमध्ये आपण ब्लेडं तशीच टाकतो. गेल्या महिन्यात त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. मी बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून तो दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनशेजारी ठेवलाय. डबा भरला की झाकणावर चिकटपट्टी मारून वॉर्डन सरांकडे द्यायचा, त्यांच्याशी तसं बोलणं झालंय. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर अजून डबा नाही. कोणाकडे रिकामा डबा असेल तर रूम नंबर २१४ मध्ये आणून द्या, चीर मी पाडून देतो.