शेवाळ, तवंग आणि मोरचूद

लवासा येथील एखाद्या दिवाणखान्यांतील, पाणवनस्पती आणि चार गप्पी मासे असलेली काचेची टाकी व मुळशी तालुक्यांतील शेतकऱ्याचें शेततळें यांचें नातें काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, दोहोंचा रोग एकच आहे. पाणी हिरवें होतें, कांठाला शेवाळाच्या जटा लोंबतात आणि वर सायीसारखा तवंग धरतो. दुर्दैवानें दोन्हीं ठिकाणीं पुष्कळांस सुचणारें औषधही एकच, तें म्हणजे मोरचूद. त्याविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

मोरचुदानें शेवाळ मरतें, हें खोटें नव्हे. पण मेलेलें शेवाळ जातें कोठें? तें तळाशीं कुजतें, कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्ची पडतो, आणि पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. त्यांतून पावसाचें पाणी मृदु. अशा पाण्यांत तांब्याचें विष अधिकच जहाल होतें. शेवाळ चरून फुकट चाकरी करणाऱ्या गोगलगायी मात्र त्यांत हकनाक मरतात. कुजलेल्या शेवाळांतून सुटलेलें खत पाण्यांतच राहतें, व त्यावर पुनः नवें पीक उभें राहतें!

शेवाळ हेंही पीकच आहे, ही गोष्ट शेतकऱ्यास तरी सांगावी लागूं नये. नत्र, स्फुरद आणि ऊन मिळालें कीं तें उगवणारच. म्हणून टाकीवरील दिवा दिवसांतून 6 ते 8 तासांहून अधिक जाळूं नये, खिडकीचें ऊन टाळावें, आणि मासे दोन मिनिटांत संपवितील इतकेंच खाणें घालावें. हायड्रिलासारखी झपाट्यानें वाढणारी वनस्पती आरंभींच दाट लावावी, म्हणजे शेवाळाचा घांस ती खाते. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. काढलेलें पाणी कुंड्यांस उत्तम. तळाशीं माती घातलेल्या नव्या टाकींत पहिले कांहीं आठवडे शेवाळ येतेंच. तेवढा धीर धरावा.

तवंगाची परीक्षा काडीनें करावी. काडी फिरवितांच तो काचेसारखा फुटून तुकडे अलग राहिले, तर तो बहुधा लोहजंतूंचा. तांबड्या मातीच्या झऱ्यांवर असा दिसतो व तो निरुपद्रवी असतो. फिरून जुळून आला तर तेल समजावें. टाकींतील दुधट तवंग हा उरलेल्या खाण्याचा व सडक्या पानांचा. त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद अलगद पसरून उचलावा, आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा. अंगारवायूची नळी नसलेल्या साध्या टाकींत पाणी हलविल्यानें कांहींच तोटा नाहीं.

शेततळ्याचेंही असेंच. राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली, पण तळें खणणें सोपें, राखणें कठीण! शेणाचा व खताचा ओघळ त्यांत येऊं देऊं नये, वरच्या अंगास गवताचा पट्टा राखावा, आणि जटा दंताळ्यानें ओढून कंपोस्टच्या खड्ड्यांत टाकाव्या.

लवासावासीयांस एक विनंती. छाटलेल्या पाणवनस्पती, विशेषतः जलपर्णी, जलाशयांत टाकूं नका. मोसे नदीवरील वरसगांवचें पाणी पुढें खडकवासल्यास जातें, आणि तेंच पुणेकर पितात.