पगार वाळूजला, तारण वैजापूरला

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : नोकरीच्या ठिकाणापासून दूर असलेल्या घरासाठीचे गृहकर्ज

महोदय,

वैजापूर तालुक्यातील अनेक नोकरदार वाळूज, शेंद्रा, चाकण किंवा सातपूर येथील कारखान्यांत काम करतात आणि तेथेच भाड्याच्या खोलीत राहतात; घर मात्र त्यांना वैजापुरात बांधायचे असते, कारण आईवडील गावी असतात, शेतीचा वाटा गावी असतो आणि नोकरी संपल्यावर परतायचेही तेथेच असते. अशा अर्जदाराचे उत्पन्न एका गावी आणि तारण, म्हणजे कर्जाच्या हमीसाठी गहाण ठेवायची मालमत्ता, दुसऱ्या गावी असते. हे अंतर म्हणजेच जोखीम असे धरून चालण्याची जी सवय बँकांच्या शाखांना जडली आहे, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र आहे.

पगारखाते असलेल्या शाखेत अर्ज गेला की मालमत्ता हद्दीबाहेर असल्याचे सांगून अर्जदाराला वैजापूरला पाठवले जाते. वैजापूरच्या शाखेत नोकरीची आणि राहत्या पत्त्याची पडताळणी येथून होणार नाही, तेव्हा पगार जमा होतो तेथेच अर्ज करावा, असा सल्ला मिळतो. पगारचिठ्ठ्या, फॉर्म सोळा, खरेदीखत, नगरपरिषदेने मंजूर केलेला नकाशा आणि बांधकामाचे अंदाजपत्रक अशी फाईल घेऊन, सुट्टी टाकून, दूरवरचे हेलपाटे घालावे लागतात. समृद्धी महामार्गाचा जांबरगावचा इंटरचेंज याच तालुक्यात असला तरी त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवाल्या कामगाराला जुनाच रस्ता धरावा लागतो. शाखेपासून अमुक किलोमीटरच्या आतलीच मालमत्ता तारण घ्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना घालून दिलेला नाही. तो ज्या त्या बँकेच्या अंतर्गत कर्जधोरणाचा भाग असतो आणि अर्जदाराच्या हाती पडणाऱ्या कागदांत सहसा नसतो.

कायद्याने मात्र हे अंतर फार पूर्वीच गृहीत धरले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 58 मध्ये गहाणाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी हक्कलेख ठेवून केलेले गहाण, म्हणजे मालकीचे मूळ कागद सावकाराच्या ताब्यात देऊन निर्माण होणारे गहाण, गृहकर्जात सर्रास वापरले जाते. हे कागद मुंबई, कोलकाता, चेन्नई किंवा राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या एखाद्या शहरात सुपूर्द व्हावे लागतात. मालमत्ता त्या शहरात असावी, असे बंधन नाही. आज सातबारा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे, आणि एकच मालमत्ता दोन बँकांकडे गहाण पडू नये म्हणून 2011 पासून सरसाई ही केंद्रीय नोंदणी यंत्रणा चालू आहे. एवढी साधने हाताशी असताना मालमत्ता दूर आहे म्हणून तिची खातरजमा करता येत नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

बँकांची बाजू अगदीच लंगडी आहे असेही नाही. मालक स्वतः राहत नसलेल्या घराचा हप्ता अडचणीच्या वेळी आधी थकतो, आणि तालुक्याच्या गावी जप्त केलेले घर विकायला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, या दोन्ही शंका रास्त आहेत. त्याहून मोठी अडचण मालकी हक्काची आहे. सरफेसी कायदा, 2002 याखाली थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेता येते, पण शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. त्यामुळे अकृषिक परवानगी, म्हणजे एन.ए., नसलेल्या भूखंडावर बँक गृहकर्ज देत नसेल तर तिला दोष देता येणार नाही. गुंठेवारी, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेली जमीन, नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला, तरी छत्रपती संभाजीनगरच्या आसपास तिचे त्रांगडे अजून सुटलेले नाही. परंतु हे दोष कागद तपासून ठरवता येतात, आणि ज्याचे एन.ए., नकाशा व खरेदीखत चोख आहे अशा अर्जदारालाही त्याच रांगेत उभे करून नकार दिला जातो, ही खरी तक्रार आहे.

सरळ नकार न देता कर्जाची रक्कम कमी करणे हा दुसरा मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. समजा 24 लाखांच्या घरासाठी बँकेने 75 टक्केच दिले, तर 21 लाख 60 हजारांऐवजी 18 लाख हाती येतात आणि मधले 3 लाख 60 हजार बायकोचे दागिने गहाण टाकून किंवा पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने उभे करावे लागतात. म्हणजे बँकेने सावधगिरी म्हणून टाळलेला बोजा त्याच कुटुंबाच्या डोक्यावर दुसऱ्या वाटेने येतो, खोलीचे भाडे तर चालूच असते.

आयकर कायद्याची दृष्टी याहून उदार आहे. नोकरीमुळे परगावी राहावे लागणाऱ्या मालकाचे रिकामे घरही तो पूर्वीपासून स्वतःच्या राहत्या घरासारखे धरत आला, आणि 2025 च्या वित्त अधिनियमाने तर मालक कोणत्याही कारणाने तेथे राहू शकत नसला तरी ही सवलत दिली. एका शासकीय यंत्रणेला जे घर राहते वाटते, ते शाखाधिकाऱ्याला गुंतवणूक वाटावे, हे विसंगत आहे.

कर्ज मंजूर झाल्यानंतरचा त्रासही थोडा नाही. बांधकामाचे कर्ज जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी मिळते आणि प्रत्येक टप्प्याला मूल्यांकनकर्त्याने जागेवर येऊन अहवाल द्यावा लागतो. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत सेंट्रिंग तसेच उभे राहते, त्याचे भाडे चढत जाते आणि गवंडी दुसऱ्या कामाला निघून जातो. तालुक्यातील पात्र अभियंत्याला हे काम देण्यास आणि जागेच्या स्थानांकासह काढलेली छायाचित्रे मधल्या टप्प्यांसाठी ग्राह्य धरण्यास फारशी अडचण नसावी.

कर्जअर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे, ही सूचना रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच सर्व प्रकारच्या कर्जांना लागू केली. मात्र तोंडी परत पाठवलेला अर्ज मुळात नोंदलाच जात नसल्याने तो नाकारलाही गेलेला नसतो. म्हणून चौकशीला आलेल्या प्रत्येक गृहकर्ज अर्जाची पोच द्यावी, अंतराची अट असेल तर ती बँकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावी, आणि पगारखात्याची शाखा व मालमत्तेजवळची शाखा यांपैकी जेथे अर्ज येईल तिनेच दुसरीकडून पडताळणी करून घ्यावी, असे निर्देश अपेक्षित आहेत. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने गृहकर्ज कोणत्या वस्तीत दिले हे जाहीर करणे सावकारी संस्थांना भाग पाडले आणि 1989 च्या दुरुस्तीनंतर नाकारलेल्या अर्जांचीही गणना होऊ लागली. तशी तालुकावार आकडेवारी येथे दरवर्षी प्रसिद्ध झाली, तर वैजापूर, गंगापूर, कन्नड यांसारख्या तालुक्यांतून किती अर्ज आले आणि त्यांपैकी किती केवळ अंतरापायी परत गेले, हे रिझर्व्ह बँकेलाही प्रथमच दिसेल.

कळावे.