चार मीटरच्या अटीने बिघडवलेला घाट



२२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. दर बदलले, पण छोटी गाडी ठरवण्याचे निकष तेच राहिले: पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत आणि लांबी ४००० मिलिमीटरच्या आत. यातली लांबीची अट रद्द व्हावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेली वीस वर्षं या अटीने आपल्याकडच्या गाड्या बेढब करून ठेवल्या आहेत.

माझं भोसरीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. हौशी पोरं येतात, भलेमोठे बंपर, चाकांवर बाहेर आलेल्या पट्ट्या, डिकीवर पंख लावून मागतात. मी नाही म्हणतो. एक तर ते दिसतं वाईट, आणि मूळ रचनेत फेरफार केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. त्या पोरांना सगळे नावं ठेवतात. पण करासाठी कापलेल्या गाड्या कारखान्यातूनच लाखोंनी बाहेर पडल्या, त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

याची सुरुवात २००६-०७ च्या अर्थसंकल्पात झाली. पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. हेतू चांगलाच होता. मात्र लांबीची रेघ आखली गेली, आणि २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी आखडून सीएस काढली. त्यानंतर एकेक कंपनी त्याच वाटेने गेली.

मारुतीच्या डिझायरचंच बघा. २००८ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ची दुसरी ३९९५. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मात्र २३९० वरून २४३० झालं. बसायची जागा वाढवली आणि कात्री लावली ती शेपटाला. डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली. पत्र्याचं काम झालं की डोळे मिटून हात फिरवायची आम्हा लोकांची सवय असते, खड्डा-उंचवटा डोळ्यांआधी तळव्याला कळतो. या गाडीच्या बाजूवरून हात फिरवा. हेडलाइटपासून मागच्या दारापर्यंत तो एका ओघात जातो आणि तिथे अडतो. मागच्या माणसाचं डोकं लागू नये म्हणून छत शेवटपर्यंत उंच ठेवलेलं, मग काच घाईघाईने खाली उतरते, आणि तिच्यामागे डिकीच्या झाकणाला जेमतेम वीतभर सपाट जागा उरते. तेवढ्यात वळण घ्यायचं, लाइट बसवायचे, नंबर प्लेट बसवायची. कितीही कसबी माणूस असला तरी तो काय करणार? याच डिकीत सीएनजीची टाकी बसवली की प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढतात, हे स्टेशनबाहेर रोज दिसतं.

महिंद्राने साडेचार मीटरची झायलो कापून २०१२ मध्ये ३९८५ मिलिमीटरची क्वांटो केली. झायलोचा उंच, रुंद पुढचा भाग तसाच आणि मागचा भाग एकदम संपलेला. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये चाकणला पोलोला डिकी जोडून आमिओ काढली, ती फक्त भारतासाठी. जगात दुसरीकडे कुठे तिची गरज पडली नाही, यातच सगळं आलं.

सौंदर्य हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, त्यात सरकारचा काय दोष, असं कोणी म्हणेल. त्यांनी महिंद्राच्याच नाशिकच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघाव्यात. एक्सयूव्ही ३०० ही मूळ ४.२ मीटरच्या सँगयाँग टिवोलीवर आधारलेली, ती ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली. पुढे त्याच सांगाड्यावर विजेवरची एक्सयूव्ही ४०० आली. विजेच्या गाड्यांना ५ टक्के कर, लांबीची अट नाही. ती गाडी परत ४२०० मिलिमीटर झाली आणि तिच्या मागच्या भागाला हक्काची जागा मिळाली. कंपनी तीच, कारखाना तोच. अट उठली आणि घाट सुधारला. टाटांच्या टिगोरसारख्या काही गाड्या याच मापात नीटस दिसतात हे खरं, पण तेवढ्यासाठी सगळ्यांना त्या चौकटीत कोंबण्याचं कारण नाही.

रस्ता आणि पार्किंगची जागा वाचते, हा दुसरा युक्तिवाद. तसं असतं तर रुंदीचीही मर्यादा घातली असती. जपानमध्ये केई गाड्यांना लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशी सगळी मापं बांधून दिली आहेत, म्हणून त्या खरोखर कमी जागेत मावतात. आपल्याकडे १८२० मिलिमीटर रुंद आणि दीड टनाहून जड थार, १५०० सीसी डिझेल इंजिनात घेतली तर १८ टक्क्यांत बसते, कारण ती ३९८५ मिलिमीटर लांब आहे. चाकणला बनणारी स्कोडा स्लाव्हिया ९९९ सीसीची आणि थारपेक्षा कितीतरी हलकी, पण ४५४१ मिलिमीटर लांब म्हणून तिला ४० टक्के. याने ना इंधन वाचतं, ना जागा. उलट, पूर्वी छोट्या पेट्रोल गाडीला उपकरासह २९ आणि मध्यम गाडीला ४५ टक्के लागत, म्हणजे फरक १६ टक्क्यांचा होता. आता तो २२ झाला. मागून कापण्याचा मोह आणखी वाढणार.

कर लावायचाच तर इंधनाच्या खपावर लावा, वजनावर लावा. फ्रान्सने २०२२ पासून जड गाड्यांवर वजनानुसार कर बसवला आहे. गाडी लिटरला किती जाते हे आपल्याकडेही मोजून प्रमाणित केलं जातं, तेही पुण्यातच, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये. चाकण, पिंपरी, रांजणगाव, नाशिक इथल्या हजारो कामगारांचं कसब या उद्योगात आहे. म्हणून जीएसटी परिषदेतल्या महाराष्ट्राच्या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत लांबीची अट वगळण्याचा प्रस्ताव मांडावा, आणि तो मांडला की नाही हे आपल्या दैनिकाने वाचकांना कळवावं.

– एक वाचक, भोसरी, पुणे