सुटका झाली, पुढे काय?

कारागृहाचे दार उघडते आणि मुदत भरलेला बंदी बाहेर येतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो रात्रीच्या निवाऱ्याचा. अनेकांच्या घरच्यांनी संबंध तोडलेले असतात. शहरात खोली मागावी, तर घरमालक ओळखीचा माणूस मागतो आणि पूर्वायुष्य कळताच नकार देतो. निवारा नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून जुने सोबती पुन्हा जवळचे वाटू लागतात. न्यायालयाने दिलेली शिक्षा संपते. समाजाने दिलेली मात्र बेमुदत चालू राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांतील सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता असे. यांपैकी जे उद्या निर्दोष सुटतील, त्यांच्याही कपाळी तोच शिक्का बसतो. हा कुठला न्याय?

यावर उपाय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना उचलून धरली. तेथे बंदी कुटुंबासह राहू लागले, शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ सालच्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. भिंतीवाचून माणूस सुधारू शकतो, हा विश्वास एका छोट्या संस्थानाने कृतीत आणून दाखविला.

शेजाऱ्यांची भीती खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्या कुटुंबाचे दुःखही विसरता येणार नाही. परंतु मुदत संपताच हा माणूस बाहेर येणारच आहे. तो चार जबाबदार माणसांच्या नजरेसमोर, हाताला काम असलेला असा राहावा, की फलाटावर निनावी हिंडावा, एवढाच निर्णय समाजाच्या हाती आहे. पहिल्या पर्यायात दयेपेक्षा समाजाचे स्वतःचे संरक्षण अधिक आहे.

न्या. मुल्ला समितीने १९८३ साली सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची शिफारस केली. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यातही तो विचार आहे. पण कारागृहे हा राज्यांचा विषय, आणि शासन फार तर वसतिगृह बांधील. शेजार देऊ शकणार नाही. तो समाजानेच द्यायचा असतो. एखाद्या मंडळाने वर्षभरासाठी एका खोलीची हमी घ्यावी, एखाद्या कारखानदाराने एक जागा राखावी, चार घरांनी सणावाराला त्याला ताटावर बोलवावे. पतिताला पदरात घेण्याची शिकवण संतांनी आपल्याला दिली. ती कीर्तनापुरती ठेवायची की आपल्या आळीत आणायची, याचे उत्तर ज्याने त्याने आपले दार उघडूनच द्यायचे आहे.