पत्र आधीच टाइप झालं होतं

भोसरीच्या एका कारखान्यात मी २६ वर्षं सुपरवायझर होतो. कुणाला केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनवायचे असले की आदल्या रात्री झोप लागायची नाही. तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन, असे संवाद घोकत पडायचो. बायको विचारायची, "परीक्षा तुमची आहे की त्याची?" या घोकंपट्टीलाच मी तयारी समजत होतो.

एकदा सेकंड शिफ्टला ४२ जॉब रिजेक्ट झाले. प्लग गेजची नो-गो बाजू बोअरमध्ये सरळ आत जात होती, म्हणजे भोक मोठं झालेलं. ऑपरेटर तरुण, जरा तोंडाळ. दुसऱ्या दिवशी वॉर्निंग लेटर टाइप करून, लाल टॅग टेबलावर मांडून मी त्याला बोलावलं. दहा मिनिटं मी एकटाच बोललो. मग त्याने खिशातून छोटी डायरी काढली. फर्स्ट शिफ्टवाल्याने जाता जाता कापणारा इन्सर्ट बदलला होता आणि जुना झिजला म्हणून दिलेला ऑफसेट, म्हणजे मापातली भरपाई, शून्यावर आणलाच नव्हता. नव्या इन्सर्टला जुना ऑफसेट लागला की बोअर मोठा होणारच. डायरीत वेळसुद्धा होती, २.४०.

"साहेब, काल मशिनपाशी आला असतात तर तिथंच दाखवलं असतं."

पहिला पीस तपासायचा त्याचाही राहिला होता. पण ते बोलणार कसं? समोर सहीसाठी पत्र पडलेलं.

हल्ली सुपरवायझरांना हॉटेलात नेऊन अशा बोलण्याचं ट्रेनिंग देतात. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक, असं सँडविच शिकवतात. शॉपवरची पोरं ते पहिल्या घासालाच ओळखतात. कौतुक सुरू झालं की त्यांचा चेहरा पडतो. कायद्याचं म्हणाल तर २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. असावीच. पण प्रकरण तिथवर पोचेपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना झालेली असतात.

माझ्या मते तयारी म्हणजे चौकशी. पुढे मी कागदाच्या एका बाजूला डोळ्यांनी पाहिलेलं लिहू लागलो, मागे ऐकीव. मागची बाजू भरली की बोलावणं पुढे ढकलायचं. शिफ्ट सुटताना तर कुणाला बोलवायचंच नाही. बस चुकेल या धास्तीने माणूस कशालाही हो म्हणतो.

त्या पोराशी नंतर माझं जमलं, असं काही नाही. सहा महिन्यांत तो चाकणला गेला. फर्स्ट शिफ्टवाल्याला मात्र मी केबिनमध्ये बोलावलं नाही, त्याच्या मशिनपाशी गेलो. इन्सर्ट बदलल्याची नोंद करायला तिथे रजिस्टरच नव्हतं. ते ठेवण्याचं काम माझं होतं.